उतरवून घ्या!

"फळ्यावरचं उतरवून घ्या."

मित्रांनो, पहिलीपासून आजपर्यंत हे वाक्य आपण किती वेळा ऐकलं असेल याचा हिशोब कुणी करू नये. माझ्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी फळाभर लिहायचे, हातातला खडू झटकायचे आणि हे वाक्य म्हणून दारात जाऊन उभे राहायचे. मग वर्गात फक्त पेन्सिलींचा आवाज. एखाद्याचं लवकर झालं की तो ओरडायचा, "गुरुजी, माझं उतरून झालं!" आणि गुरुजी हमखास विचारायचे, "उतरलं, पण डोक्यात उतरलं का?"

हा एक साधा विनोद होता आणि गुरुजी तो रोज करायचे. त्यात आपल्या भाषेचं एक गुपित आहे हे मला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आल्यावर कळलं. ते कसं कळलं हेच सांगायला हा लेख लिहायला घेतला आहे. संपादकांनी "विषय तुझ्या आवडीचा" असं म्हटलं होतं, त्यामुळे आता तक्रार चालणार नाही.

आपल्या हॉस्टेलमध्ये 'उतरवणे' हा शब्द कुणी वापरत नाही. इथला शब्द आहे 'छापणे'. "असाइनमेंट छापली का?" "अबे, थर्माच्या फाइलचे शेवटचे चार प्रयोग दे ना, छापायचे आहेत." हिंदीवाले मित्र 'टीप मारना' म्हणतात. फर्स्ट इयरला ड्रॉईंगच्या शीटसाठी काच आणि खालून उजेड ही जी व्यवस्था असते तिचं नाव ग्लास ट्रेसिंग. पूर्वीचे सीनियर म्हणे टेबलाखाली बल्ब लावायचे, आता मोबाइलचा टॉर्च पुरतो. तंत्रज्ञानाची प्रगती म्हणतात ती हीच असावी!

तर 'छापणे'. शब्द मोठा प्रामाणिक आहे. छापखान्यात कागद आत जातो, बाहेर येतो, आणि मधल्या यंत्राला त्यावर काय लिहिलंय याच्याशी काही देणंघेणं नसतं. रात्री दोन वाजता फाइल पूर्ण करणारा आपला मित्र नेमका तसाच असतो. कानात गाणं, समोर दुसऱ्याची फाइल, आणि हात आपोआप चाललेला. हे मी वरून बघून लिहीत नाही, मीही त्याच रांगेत बसलेलो आहे.

आता 'उतरणे, उतरवणे' हा शब्द बघा. गाडीतून माणूस उतरतो, ताप उतरतो, भाव उतरतात, चेहरा उतरतो. विमा 'उतरवतात'. पोराला दृष्ट लागली तर आजी ती मीठ-मोहऱ्यांनी उतरवते. एखाद्याचा माज उतरवला जातो. पटवून देणं म्हणजे गळी उतरवणं. जो टिकला तो 'कसाला उतरला'. आंबा फार पिकून बिघडला की तोही 'उतरलेला'. म्हणजे एकच क्रियापद खरेपणाच्या बाजूनेही उभं राहतं आणि बिघडण्याच्या बाजूनेही. कॉपी करण्याच्या कामाला याहून नेमका शब्द कुठला मिळणार? नकलेचं दोन्ही होऊ शकतं.

याच शब्दातून 'उतारा' निघाला. मराठीच्या पेपरात 'खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा' यायचं तो उतारा. तलाठ्याकडून आणतात तो सातबाराचा उतारा. चौकात लिंबू-नारळ टाकलेला असतो, ज्याला ओलांडायला आपण भल्या भल्या सायन्सवाल्यांनाही घाबरताना पाहिलं आहे, तोही उतारा. आणि विषावरचं औषध, तेही उतारा. मूळ जागेवरून काहीतरी काढून दुसरीकडे ठेवायचं, ही सगळ्यांतली एकच कल्पना. नक्कल हा शब्द अरबीतून आला. त्याचाही मूळ अर्थ एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं असाच आहे. इंग्रजीतली 'कॉपी' मात्र लॅटिनमधल्या 'कोपिया'वरून, म्हणजे विपुलता, मुबलकता. जे एक होतं ते पुष्कळ झालं. तो शब्द मराठीत आल्यावर आपण त्याचं काय केलं ते पाहा. मराठी पेपरात 'कॉपी' म्हणजे चिठ्ठी, 'कॉपीबहाद्दर' म्हणजे ती खिशात नेणारा, आणि दरवर्षी बोर्डाच्या परीक्षेआधी 'कॉपीमुक्त अभियान'. महाराष्ट्रात परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध १९८२ सालचा कायदा आहे. विपुलतेवर कायदा करावा लागलेलं आपलं एकमेव राज्य नसेल, पण शब्दाचा प्रवास मोठा आहे एवढं खरं.

हाताने उतरवणं हे कंटाळवाणं काम आहे यात वाद नाही. त्या कंटाळ्यातूनच एक मोठा शोध लागला. चेस्टर कार्लसन नावाचा माणूस अमेरिकेत एका कंपनीच्या पेटंट विभागात काम करायचा. पेटंटच्या कागदांच्या आणि आकृत्यांच्या प्रती कायम कमी पडत आणि त्या पुन्हा पुन्हा करताना तो वैतागला होता. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी त्याने कोरड्या पद्धतीने पहिली प्रत काढली. त्यावर काय होतं? ती तारीख आणि जागेचं नाव, अ‍ॅस्टोरिया. बस. ग्रीकमध्ये 'झेरॉस' म्हणजे कोरडा, त्यावरून पुढे झेरॉक्स. आज आपल्या गेटसमोरच्या दुकानात सबमिशनच्या आठवड्यात जी जत्रा भरते तिचा मूळ पुरुष हा. मला त्यातली गंमत एवढीच वाटते की जगातल्या पहिल्या झेरॉक्सवर ती कुठे आणि कधी निघाली हे लिहिलेलं होतं. आपल्या फाइलींवर नेमकं तेच नसतं.

आपल्याकडे छपाई येण्याआधी शेकडो वर्षं ग्रंथ जिवंत राहिले ते उतरवणाऱ्यांच्या जिवावर. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० सालची, आणि ती लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा. पुढे तिच्या नकला होत गेल्या, नकलेच्या नकला झाल्या. कुणाची ओळ सुटली, कुणी आपल्या पदरची ओवी घातली. शेवटी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथ महाराजांनी वेगवेगळ्या पोथ्या समोर ठेवून पाठ शुद्ध केला आणि यापुढे यात कुणी भर घालू नये म्हणून बजावून ठेवलं. जवळजवळ तीनशे वर्षांची छापाछापी एका माणसाने बसून तपासली!

संताजी जगनाडे यांचं नाव तर आपल्या भागात सांगायची गरज नाही. नागपूरला गेलेल्या प्रत्येकाने जगनाडे चौक पाहिला आहे. पण ते नाव चौकाला का, हे विचारलं तर आपल्या वर्गातले किती जण सांगतील? संताजी हे तुकाराम महाराजांचे अभंग लिहून ठेवणारे. गाथा इंद्रायणीत बुडवावी लागली तेव्हा संताजींनी अभंग पुन्हा कागदावर आणले अशी परंपरा आहे. पुढे वि. ल. भावे यांनी संताजींच्या वह्यांवरून गाथा छापली तेव्हा तिचं नाव ठेवलं 'अस्सल गाथा'. म्हणजे उतरवून घेतलेली वही, आणि नाव अस्सल! कारण उतरवणारा कोण आहे ते ठाऊक होतं.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखक, म्हणजे नक्कल करणारा, दोन-चार ओळी स्वतःच्या घालायचा. त्यात बहुतेक ठिकाणी असा मतलब असतो की जसं समोर दिसलं तसं लिहिलं, चुकलं असेल तर मला दोष देऊ नका, पाठ आणि मान मोडली आहे, ही पोथी तेलापाण्यापासून जपा. मला हे वाचून फार जवळचं वाटलं. सबमिशनच्या रात्रीची आपली अवस्था हुबेहूब हीच. फरक एकच, तो माणूस शेवटी कबूल करायचा की मी नक्कल केली आहे.

आता थोडी मजेची गोष्ट. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, ते काम १९१९ ला सुरू होऊन १९६६ ला पुरं झालं. १,२५९ हस्तलिखितं त्यासाठी गोळा केली होती. एवढ्या पोथ्यांत कुठली पोथी कुठल्या घराण्यातली हे कसं ओळखायचं? विद्वानांची एक युक्ती अशी की चुका बघायच्या. बरोबर मजकूर सगळीकडे सारखाच असतो, त्यावरून काही कळत नाही. पण दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक सापडली तर त्या एकाच आईच्या लेकी.

हे वाचल्यावर मी एका रविवारी आमच्या विंगमध्ये 'चिकित्सक आवृत्ती'चं काम सुरू केलं. सेकंड इयरच्या एका फाइलमध्ये 'आकृती मागच्या पानावर पाहा' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य होतं. मागच्या पानावर आकृती नव्हती. दुसऱ्याच्या फाइलमध्ये पाहिलं, वाक्य होतं, आकृती नव्हती. तिसऱ्याच्या, चौथ्याच्या, तेच. बावीस फाइलींत ते वाक्य सापडलं आणि आकृती एकाही ठिकाणी नाही. शोध घेत घेत आम्ही दोन वर्षं पुढच्या एका सीनियरपर्यंत पोचलो. त्यानेही ती फाइल कुणाची तरी छापलेली. आद्य प्रत कधी सापडलीच नाही. बावीसही फाइलींवर सही मात्र होती.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येतं. मीही नेलं. पण त्याच वर्षी घरी एक प्रकरण चाललं होतं, त्याने माझं हसू थोडं कमी झालं.

आमची शेती धानाची. आजोबांच्या नावावर असलेली दोन एकराची एक बांधी, सातबाऱ्यावर क्षेत्र ०.८१ हेक्टर. आजोबा गेल्यावर वारसांची नोंद झाली, पुढे कधीतरी जुनी कागदी पुस्तकं जीर्ण झाली म्हणून नवीन पुस्तकात उतरवली गेली आणि मग सगळं संगणकावर गेलं. या प्रवासात कुठेतरी, कुणाच्या तरी हातून, ०.८१ चे ०.१८ झाले. कुणाच्या हातून ते शेवटपर्यंत कळलं नाही. हाताने पानामागून पान उतरवणारा माणूस, संध्याकाळची वेळ, दोन आकडे इकडचे तिकडे. कुणाच्याही हातून होईल. माझ्याही.

आम्हाला ते कळलं धान विकायच्या वेळी. आधारभूत खरेदी केंद्रावर तुमचं किती धान घ्यायचं हे सातबाऱ्यावरच्या क्षेत्रावरून ठरतं. बांधी दोन एकराची, धान दोन एकराचं, पण कागदावर जमीन अर्ध्या एकराहून कमी. उरलेलं धान बाबांनी खाजगी व्यापाऱ्याला दिलं, कमी भावात. त्या रात्री बाबांचा फोन आला. "बाबू, त्या मोबाइलवर सातबारा पाय तं जरा. आपली बांधी जाग्यावरच हाय, कागदातून कुठं गेली?"

मी ऑनलाइन उतारा काढला. अगदी स्वच्छ, सुबक अक्षरात ०.१८. डिजिटल स्वाक्षरीसकट. यंत्राने काहीही चूक केली नव्हती, त्याला जे दिलं ते त्याने इमानदारीने छापलं. बाबांनी एका कचेरीत विचारलं तर तिथल्या माणसाने सांगितलं, "कम्प्युटर चुकत नसते काका." त्याचं म्हणणं खरंच होतं, दुर्दैवाने.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची आहे आणि तिच्या कलम १५५ मध्ये लेखनप्रमाद दुरुस्त करायची सोय आहे. लेखनप्रमाद म्हणजे लिहिताना हातून झालेली चूक, किती सुंदर शब्द आहे! पण चूक झाली हे दाखवायला जुना कागद हवा. आणि अर्ज लिहायला बाहेर व्हरांड्यात बसलेले एक म्हातारे अर्जनवीस. त्यांनी दोन्ही आकडे ऐकले, कागदावर वजाबाकी केली आणि म्हणाले, "एक्याऐंशीतून अठरा गेले, त्रेसष्ट. नवानं भाग जाते ना? मंग आकडे उलटले हाये. जमीन कोणी नाही खाल्ली तुमची."

मी इंजिनीअरिंगचा विद्यार्थी असून मला हे ठाऊक नव्हतं. खोलीवर येऊन मांडून पाहिलं. दहा अ अधिक ब, वजा दहा ब अधिक अ, बरोबर नऊ गुणिले अ वजा ब. शेजारचे दोन अंक उलटले की फरकाला नऊने भाग जाणारच. आठवीचं बीजगणित! पण ते मला वर्गात गळी उतरलं नव्हतं, व्हरांड्यात उतरलं. उलट बाजूने मात्र हे लागू नाही. नऊने भाग गेला म्हणजे आकडे उलटलेच असतील असं नसतं, तो फक्त संशय घ्यायला आधार आहे, पुरावा नाही. पुरावा शोधावाच लागतो.

पुरावा निघाला आजोबांच्या पेटीत. फार वर्षांपूर्वी त्यांनी कशासाठी तरी रेकॉर्डमधून जुन्या फेरफाराची नक्कल काढली होती. पिवळा पडलेला कागद, घड्यांवर फाटलेला. त्यावर क्षेत्र अंकांत. त्याखाली अर्ज आल्याची तारीख, नक्कल दिल्याची तारीख, आणि दोन वेगवेगळ्या सह्या. एक 'नक्कल करणार' आणि दुसरी 'रुजवात घेणार'.

रुजवात! हा शब्द मी पहिल्यांदा तिथे वाचला. उतरवलेला कागद मुळाशी ताडून पाहायचा, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने बोट ठेवायचं, त्याला रुजवात घेणं म्हणतात. म्हणजे कागद उतरवणारा आणि ताडून पाहणारा, दोघं वेगळे, आणि दोघांची नावं खाली. आमची दोन एकर त्या दोन सह्यांवर परत आली. तीन हंगाम गेले त्यात, पण आली.

आता मुद्द्यावर येतो. स्टाफरूममधल्या वाचकांनी कृपया पान उलटू नये.

ते प्रकरण चालू असतानाच आमचं सर्व्हेइंगचं प्रॅक्टिकल झालं होतं. लेव्हलिंगचं. कॉलेजच्या बेंचमार्कपासून निघायचं, मैदानाला वळसा घालून परत त्याच बेंचमार्कवर यायचं. परत आल्यावर जी उंची मिळते ती सुरुवातीच्या उंचीइतकी असायला हवी. आमची ०.०९० मीटरने चुकली. अंतर साधारण अर्धा किलोमीटर. साध्या लेव्हलिंगला अंतराच्या, किलोमीटरमधल्या, वर्गमुळाची चोवीस पट एवढे मिलिमीटर चूक चालते, म्हणजे इथे सतरा. आमची नव्वद. ऊन डोक्यावर, स्टाफ धरून एकाचे हात दुखलेले, आणि सरांचा नियम असा की चूक जास्त आली तर पूर्ण काम पुन्हा.

आम्ही काय केलं ते सांगायला हवं का? शेजारच्या बॅचचं लेव्हल बुक आणलं आणि छापलं. हुबेहूब नको म्हणून दोन-चार रीडिंग इकडे-तिकडे पाच-पाच मिलिमीटरनी हलवली. मग बॅकसाइटची बेरीज वजा फोरसाइटची बेरीज, शेवटची उंची वजा पहिली उंची, सगळं जुळवून घेतलं. सिव्हिलवाल्यांना ठाऊक आहे, ही तपासणी फक्त आकडेमोड तपासते. रीडिंग खरं की बनवलेलं हे तिला कळत नाही. सरांनी बेरजा पाहिल्या, सही केली. आमचं मूळ पान, घामाचे डाग असलेलं, चुरगाळून कॅन्टीनच्या मागे गेलं.

अर्जनवीस काकांनी नवाची गोष्ट सांगितली त्या रात्री मी झोपायच्या आधी नव्वदला नवाने भागून पाहिलं.

दहा. नि:शेष भाग.

म्हणजे कदाचित आमच्यातल्या कुणी तरी १.३४५ पाहून १.४३५ लिहिलं असेल. कदाचित नसेलही. ते पान असतं तर मी शोधलं असतं, फार तर चार-पाच जागा तपासायच्या होत्या, एका स्टेशनवर उपकरण पुन्हा लावून पाहायचं होतं, अर्ध्या तासाचं काम. आमचं काम बहुधा चांगलं होतं आणि त्यातली एक चूक स्वतःच आपला पत्ता सांगत होती. आम्ही ते पानच फेकून दिलं आणि दुसऱ्याचं बरोबर उत्तर आणलं. बाबांजवळ आजोबांचा कागद होता. आमच्याजवळ आमचाच कागद नव्हता.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की भांडण नक्कल करण्याशी नाही. आपण सगळे उतरवूनच शिकलो. बाराखडी उतरवली, पाढे उतरवले, आणि वर्गातला हुशार मुलगा गणित कसं सोडवतो हे त्याच्या वहीवरून उतरवताना मला दोनदा खरोखर कळलेलं आहे. हात चालता चालता मध्येच थांबतो आणि आपण म्हणतो, "अरे, ही ओळ इथे कशी आली?" तो थांबणं म्हणजे शिकणं. नुसत्या छापण्यात हात थांबत नाही. आणि आता तर हातही लागत नाही. मजकूर निवडला, उचलला, चिकटवला. नाही तर चॅटजीपीटीला सांगितलं की प्रयोगाचा निष्कर्ष लिहून दे. तो न पाहिलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष फार छान लिहितो. आम्हीही लिहायचो, त्याला एकट्याला कशाला नावं ठेवा?

पण प्रयोगाची रीडिंग ही गोष्ट वेगळी आहे. सर्व्हेइंगच्या पुस्तकांत एक जुना दंडक सांगतात. फील्ड बुकात खोडरबर चालत नाही. चुकलं तर एक रेघ मारून वर बरोबर आकडा लिहायचा, खालचा चुकीचा आकडा वाचता आला पाहिजे. आणि मूळ पान सोडून दुसऱ्या वहीत उतरवलंच, तर त्यावर 'प्रत' असं स्पष्ट लिहायचं. आपण हे परीक्षेत पाठ करून लिहितो, दोन मार्कांना. तेही छापलेल्या नोट्समधून.

आता सरांना आणि मॅडमना विनंती. आम्ही का छापतो, त्याचं अर्धं कारण आळस आहे, ते आमचं आम्ही बघू. उरलेलं अर्धं तुमच्या सहीत आहे. खरं पण चुकलेलं रीडिंग आणलं तर 'रिपीट' मिळतं. खोटं पण जुळलेलं आणलं तर सही मिळते. वीस प्रयोगांची थिअरी हाताने लिहून आणायला सांगता, जी मॅन्युअलमध्ये आधीच छापलेली आहे. ती छापायचीच गोष्ट आहे, तिचं आम्ही दुसरं काय करणार? ती पानं बंद करा. त्याऐवजी एकच पान मागा, प्रयोगशाळेत किंवा मैदानात लिहिलेलं, मळकं, खाडाखोड असलेलं, आणि त्याखाली दोन सह्या असू द्या. लिहिणार कोण, रुजवात घेणार कोण. चूक जास्त आली तर मार्क कापण्याआधी एवढंच विचारा की चूक कुठे झाली असेल असं तुला वाटतं. बॅचमधला एक तरी उत्तर देईल. बाकीचे निदान ऐकतील.

यावर आमचे एक सर (ते चांगले आहेत, त्यांना राग येणार नाही) म्हणाले, "मग तुम्ही मळकं पानसुद्धा बनवून आणाल." खरं आहे. आणू. काही जण चहाचे डागसुद्धा पाडतील. पण सर, खोटी चूक बनवायला खरा प्रयोग समजावा लागतो. नव्वद मिलिमीटरची विश्वास बसेल अशी चूक घालायची तर लेव्हलिंग यावं लागतं. तेवढं आलं तरी मी म्हणेन काम झालं.

आणि विंगमधल्या मित्रांना. कुणाचं रीडिंग घेतलं तर खाली त्याचं नाव लिहा. लाज वाटेल म्हणता? वाटेल. पहिल्या एकदोन वेळा वाटेल. मी या सेमिस्टरला काँक्रीटच्या एका प्रयोगात लिहून पाहिलं. आमचा क्यूब मशीनवर नीट बसला नव्हता, कोपरा आधीच तुटला. ते रीडिंग तसंच ठेवलं आणि त्याखाली 'तुलनेसाठी दुसऱ्या बॅचचे रीडिंग, प्रत' म्हणून त्यांचं घातलं. सरांनी पान बराच वेळ पाहिलं, चष्मा काढला, परत घातला. "हे असं कुणी सांगितलं लिहायला?" म्हणाले. फाइल ठेवून घेतली. सही अजून झालेली नाही.

परवा एक ज्युनिअर खोलीवर आला. "भाऊ, तुमची सर्व्हेची फाइल द्या ना. लेव्हलिंगचं छापायचं आहे."

मी म्हटलं, "त्यातलं लेव्हलिंगचं पान खोटं आहे."

"चालते ना भाऊ. सही आहे ना?"

मी कपाटातून फाइल काढली, ते पान फाडून घेतलं आणि बाकीची फाइल त्याला दिली. तासाभराने तो परत दारात.

"भाऊ, यात एक पान कमी आहे."

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी